आई फिजीची, बाप फरमॅनाचा, पोरगा कॉर्कचा

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की रेडिओ कॉमेंट्रीतलं तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य कुठलं, आणि मी आपलं सहज आयर्लंडच्या मीहॉल ओ मर्हर्टी या कॉमेंटेटरचं एक वाक्य देऊन मोकळी झाले. हर्लिंगची (काठी आणि बॉलचा आयरिश खेळ, पुढे सांगते) मॅच चालू असताना कॉर्कच्या शॉन ओग ओ हाल्पीन या खेळाडूचं नाव आलं तेव्हा हे आजोबा जे म्हणाले त्याचा मतलब असा, की याचे वडील फरमॅनाचे, आई फिजीची, आणि या दोन्हीपैकी एकही ठिकाण काही हर्लिंगचा बालेकिल्ला नव्हे. बस, एवढंच. दोन ओळींचं उत्तर होतं. पण त्यावर पत्रं आणि मेल इतके आले की संपादकांनी फोन करून सांगितलं, या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवा आणि या माणसाचंच काय ते एकदा करून टाका. तर आज सगळे प्रश्न एकाच माणसाबद्दल. ज्यांचे क्रिकेटचे प्रश्न राहिले त्यांनी रागवू नका, पुढच्या महिन्यात घेते.

प्रश्न (सांगली): ताई, फिजी म्हणजे आपले ऊसमळ्यावर नेलेले गिरमिटिये तेच ना? मग हा खेळाडू मूळचा भारतीय आहे का? आणि तिथून आयर्लंडला पोचला कसा?

उत्तर: नाही हो. मलाही आधी तसंच वाटलं होतं, फिजी म्हटलं की आपल्याला ऊस, गिरमिट आणि फार तर गोल्फवाला विजय सिंग आठवतो. पण शॉन ओगची आई एमेली ही रोटुमाची. रोटुमा हे फिजीच्या कारभारात येणारं पण मुख्य बेटांपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला एकटंच पडलेलं छोटंसं बेट, तिथल्या लोकांची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, आणि आपल्या गिरमिटियांशी त्यांचा संबंध नाही. वडील आयरिश, उत्तरेकडच्या फरमॅना काउंटीचे (काउंटी म्हणजे आपला जिल्हा). फरमॅनात गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्हींनी खेळायचा आयरिश फुटबॉल) खेळतात, हर्लिंग तिथे नावालाच. म्हणजे म्हाताऱ्याने कॉमेंट्रीत जोक केला खरा पण त्यात खोटं काहीच नव्हतं.

शॉन ओगचा जन्म २२ मे १९७७ चा, फिजीतलाच. नंतर घर सिडनीला गेलं, तिथे हा पोरगा रग्बी लीग बघत मोठा होत होता, आणि १९८८ मध्ये वडिलांनी सगळं बिऱ्हाड उचलून आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क शहरात आणलं. दहा-अकरा वर्षांचं पोर. सिडनीच्या उन्हातनं कॉर्कच्या पावसात, आणि कॉर्कचा पाऊस म्हणजे आपल्यासारखा जूनला येऊन सप्टेंबरला जाणारा नाही, तो तिथेच राहतो. वर्गातल्या प्रत्येक पोराच्या हातात लाकडाची एक काठी, जी याने आयुष्यात धरलेली नाही. तिथली पोरं चालायला लागली की ती काठी धरतात, त्यामुळे दहाव्या वर्षी सुरुवात करणं म्हणजे आपल्याकडे कुणी बारावीत गेल्यावर तबला शिकायला बसावं तसं झालं.

घराजवळचा क्लब होता ना पिअर्सिग. हा क्लब म्हणजे जिमखाना नव्हे बरं का, मेंबरशिप, वेटिंग लिस्ट, कॅन्टीनमधले कटलेट वगैरे काही नाही. कोल्हापूरकरांना पेठेतली तालीम म्हटलं की लगेच कळेल. ज्या भागात राहता त्या भागाचा क्लब, आणि क्लब ज्या काउंटीत त्या काउंटीची टीम. पैसे टाकून कुणी कुणाला विकत घेऊ शकत नाही, लिलाव नाही, ट्रान्सफर फी नाही. म्हणून तर मला हे वाक्य इतकं आवडतं. ज्या खेळात माणूस कुठला यावरच सगळं ठरतं त्या खेळात हा कुठलाच नव्हता, आणि शेवटी कॉर्कचा कॅप्टन झाला.

प्रश्न (पुणे): 'ओग' हे मधलं नाव की आडनाव? मोठ्याने वाचताना घरात वाद झाला.

उत्तर: दोन्ही नाही. 'ओग' म्हणजे आयरिशमध्ये तरुण, धाकटा. वडिलांचं नावही शॉन, म्हणून मुलगा शॉन ओग, थोरला शॉन आणि धाकटा शॉन. त्याच टीमचा गोलकीपर डोनल ओग क्युसॅक, त्याचंही तसंच. आडनाव 'ओ हाल्पीन'.

भावांची नावं मात्र बघाच. सेटांटा, आयसाके, टेऊ. आयसाके आणि टेऊ आईकडची नावं, आणि सेटांटा हे आयरिश पुराणातलं, कु खुलन नावाच्या महावीराचं लहानपणीचं नाव, ज्याने अंगावर धावून आलेल्या राक्षसी कुत्र्याला हर्लिंगच्याच काठीने आणि बॉलने लोळवलं होतं अशी गोष्ट आहे. म्हणजे आपल्याकडे पहिलवानाच्या घरात पोराचं नाव भीम ठेवावं तसं. सेटांटा भन्नाट खेळायचा, २००३ च्या फायनलला गोलही मारला, आणि मग ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक फुटबॉल क्लबने उचलून नेला. पुढे आयसाकेही तिकडे गेला, तो नंतर परत येऊन कॉर्ककडून खेळला. शॉन ओग मात्र कॉर्कमध्येच.

प्रश्न (ठाणे): हर्लिंग म्हणजे हॉकीच ना? आणि स्कोर १-२१ असा का लिहितात, हे तर मला बोलिंग फिगरसारखं वाटलं.

उत्तर: हॉकी म्हणालात तर कॉर्कचा माणूस चहा विचारणार नाही तुम्हाला.

माझा भाचा कॉर्कमध्ये नोकरीला आहे, मी तिकडे गेले होते तेव्हा शेजारच्या मुलाची हर्ली त्याने माझ्या हातात दिली. हर्ली म्हणजे ती काठी. दिसायला बॅट आणि हॉकी स्टिकच्या मधलं काहीतरी, खाली तळहातापेक्षा थोडं मोठं चपटं पातं, पात्याच्या टोकाला लाकूड फाटू नये म्हणून पत्र्याची पट्टी ठोकलेली, वर मुठीला टेप गुंडाळलेली आणि ती टेप घामाने काळी पडलेली. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड, तेही कुठलंही नाही, बुंधा जिथे मुळाकडे वळतो तिथलं, म्हणजे लाकडाची रेघ काठीबरोबरच वळते आणि फटक्याला काठी मोडत नाही. मोडते खरं तर, भरपूर मोडतात, पण वळणावर मोडत नाही. त्या मुलाने मला पात्यावर बॉल टप्पे मारत चालून दाखवायला सांगितलं. तिसऱ्या टप्प्याला बॉल पायरीखाली गेला आणि तो सात वर्षांचा मुलगा इतक्या सभ्यपणे हसला की मलाच लाज वाटली.

बॉलला स्लिटर म्हणतात. ११० ते १२० ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षा हलका, आत परंपरेने कॉर्क असतो (बुचाचं कॉर्क, शहराशी संबंध नाही, हाही प्रश्न येणार म्हणून आधीच सांगते) आणि वरून चामडं, शिवण चांगली उंच उठलेली. काठी खांद्याच्याच काय डोक्याच्याही वर नेता येते, बॉल हवेत हाताने पकडता येतो, हातात धरून चार पावलं पळता येतं, काठीवर तोलून कितीही पळा, पण जमिनीवरचा बॉल मात्र थेट हाताने उचलायचा नाही, काठीनेच उचलायचा. एका बाजूला पंधरा जण. मैदान फुटबॉलच्या मैदानापेक्षा खूप मोठं. हेल्मेटची सक्ती २०१० पासून आली, त्याआधी बरेच जण उघड्या डोक्याने खेळायचे, हे ऐकून माझ्या बहिणीने मध्येच उठून देवाला हात जोडले होते.

स्कोर सोपा आहे. गोलपोस्ट इंग्रजी एच सारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला तर गोल, त्याचे तीन. दांडीवरून पण दोन खांबांच्या मधून गेला तर एक पॉइंट. १-२१ म्हणजे एक गोल आणि एकवीस पॉइंट, एकूण चोवीस. आयरिश लोक बेरीज करून लिहीत नाहीत, ज्याने त्याने मनात करायची.

प्रश्न (नाशिक): मी आकडेवारीचा शौकीन आहे. याचे करिअरमधले एकूण गोल किती, पॉइंट किती? हेन्री शेफलिनशी तुलना कराल का?

उत्तर: तुम्ही निराश होणार. शॉन ओगचा नंबर सात. लेफ्ट हाफ बॅक. त्याचं काम गोल मारणं नव्हतंच, समोरच्याला मारू न देणं होतं. स्कोरशीटवर त्याचं नाव शोधाल तर वाळूत सुई.

किलकेनी काउंटीचा हेन्री शेफलिन हा आकड्यांचा राजा, दहा ऑल आयर्लंड (म्हणजे देशाच्या विजेतेपदाची) मेडल, चॅम्पियनशिपमध्ये २७ गोल आणि ४८४ पॉइंट. त्याच्याशेजारी शॉन ओगची तीन मेडलं ठेवली तर तराजू एका बाजूला टेकतो, आणि कुणी म्हणेल की मग विषयच संपला. मला नाही तसं वाटत. गवंडी आणि रंगारी यांच्यात चांगला कोण असं विचारण्यासारखं आहे ते. सात नंबर काय करतो ते नीट बघा. समोरचा गोलकीपर बॉल फटकावतो, तो अर्धं मैदान ओलांडून आकाशातनं खाली येतो, त्याखाली चार-सहा जण काठ्या उगारून उभे, आणि त्या काठ्यांच्या जंगलात एक हात वर जाऊन बॉल धरतो. उघडा हात. ग्लव्ह बहुतेक जण घालत नाहीत. बोटं मोडतात, नखं जातात. शॉन ओगचा हात वर गेला की बॉल त्यातच येणार असं कॉर्कवाल्यांनी धरून ठेवलेलं असायचं, आणि मग तो तिथून खांदा टाकून जो सुटायचा ना, लांब लांब टांगा टाकत, कडेकडेने, की स्टेडियम आधी उठायचं आणि बॉल नंतर पुढे जायचा. जॉन गार्डिनर, रोनन करन आणि शॉन ओग, ही तीन हाफ बॅकची फळी ज्यांनी बघितली ते अजून त्या तिघांची नावं एका दमात घेतात.

तरी आकडे पाहिजेतच तर घ्या. मायनर म्हणजे अठरा वर्षांखालचं ऑल आयर्लंड १९९५, सीनियर टीममध्ये १९९६, एकवीस वर्षांखालचं ऑल आयर्लंड १९९७ आणि १९९८. १९९९ ला पहिलं सीनियर मेडल, फायनलला किलकेनीला ०-१३ विरुद्ध ०-१२ असं एका पॉइंटने हरवलं. त्याच महिन्यात, दोन आठवड्यांनी, तो कॉर्कच्या गेलिक फुटबॉल टीमकडून ऑल आयर्लंड फायनल खेळला, ती मीथकडून हरले. एकाच सप्टेंबरमध्ये दोन खेळांच्या दोन फायनल! आता हे कुणाला जमेलसं वाटत नाही, ट्रेनिंगच इतकं वाढलंय. २००३ ते २००६ सलग चार हर्लिंग फायनल, पहिली आणि शेवटची किलकेनीकडून हरले, मधल्या दोन जिंकल्या. ऑल स्टार टीममध्ये, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम पंधरा जणांत, २००३, २००४, २००५ असा तीनदा. आणि २००४ ला वर्षाचा सर्वोत्तम हर्लर. त्या वर्षीची फायनल ०-१७ विरुद्ध ०-९, शेफलिनच्या किलकेनीला सत्तर मिनिटांत एकही गोल नाही आणि पॉइंट फक्त नऊ. नाशिककर, तुमचा आकडा हा घ्या. नऊ.

प्रश्न (नागपूर): मी फिजिओथेरपी करते. त्याला गुडघ्याची मोठी इंजुरी झाली होती असं कुठेतरी वाचलं, मैदानावर झाली का?

उत्तर: मैदानावर नाही, कारमध्ये. २००१ ला अपघात झाला आणि पटेलर टेंडन तुटलं. तुम्हाला माहीतच आहे पण बाकीच्यांसाठी सांगते, गुडघ्याच्या वाटीपासून खाली नडगीला जाणारी जी जाड पट्टी असते ती. ती तुटली की पाय सरळच करता येत नाही, वाटी वर सरकते. चोवीस वर्षांचा माणूस, ज्याचा सगळा खेळच पळण्यावर आणि उंच उडीवर. करिअर गेलं असंच लोक म्हणत होते. तो २००२ मध्ये परत आला, आणि त्याची तिन्ही ऑल स्टार आणि सर्वोत्तम हर्लरचा मान, हे सगळं त्या गुडघ्यानंतरचं आहे. १९९९ सोडलं तर आपण ज्याला शॉन ओगचं करिअर म्हणतो ते जवळजवळ सगळं ऑपरेशननंतर झालंय. तुमच्या पेशंटना सांगायला हरकत नाही, फक्त हेही सांगा की तो ट्रेनिंगच्या बाबतीत वेडा म्हणून प्रसिद्ध होता.

प्रश्न (कोल्हापूर): डब्लिनचं ८२ हजारांचं क्रोक पार्क स्टेडियम भरतं म्हणतात, मग या लोकांना मानधन किती? आमच्याकडे पहिलवानालासुद्धा कुस्तीचा इनाम मिळतो.

उत्तर: शून्य.

खरंच शून्य. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी संघटना म्हणजे जीएए, १८८४ ला थर्लस गावातल्या हॉटेलात स्थापन झाली, आणि तेव्हापासून खेळाडू हौशी. गाडीभाडं मिळतं, पुढे सरकारकडून थोडीफार ग्रँट चालू झाली, पण पगार नाही, मॅच फी नाही. शॉन ओग बँकेत नोकरी करायचा. म्हणजे रविवारी क्रोक पार्कला ऐंशी हजार लोकांसमोर खेळायचं आणि मग आठवड्यात कुणाच्या तरी कर्जाचे कागद तपासायचे. लोकांना हे फार रोमँटिक वाटतं. मलाही वाटायचं, भाच्याने ट्रेनिंगचं टाइमटेबल सांगेपर्यंत. कामावरून सुटून तसंच मैदानावर, घरी पोचेपर्यंत रात्रीचे दहा, आणि हे आठवड्यात तीन-चार वेळा.

आणि इथेच शॉन ओगच्या करिअरची दुसरी बाजू येते जी मेडलच्या यादीत दिसत नाही. संप. कॉर्कच्या खेळाडूंनी एकदा नाही, तीनदा संप केला आणि तिन्हीवेळा हा पुढच्या रांगेत. पहिला २००२ च्या शेवटी. मागण्या काय होत्या तर ट्रेनिंगला डॉक्टर असावा, प्रवासाची नीट सोय असावी, जिम मिळावी, कपडे-बूट धड मिळावेत, घरच्यांसाठी तिकिटं मिळावीत. पगार मागितलाच नव्हता कुणी! काउंटी बोर्डाने (काउंटीतला जीएएचा कारभार बघणारं मंडळ) शेवटी मान्य केलं, नवा मॅनेजर आला, आणि पुढची चार वर्षं टीम फायनलला. आता यातून काय समजायचं ते समजा. दुसरा २००७-०८ च्या हिवाळ्यात, मॅनेजर निवडण्याच्या पद्धतीवरून, तेव्हा फुटबॉलवाल्यांच्या बाजूने हर्लिंगवालेही उभे राहिले.

तिसरा सगळ्यात कडू. २००८ च्या शेवटी मॅनेजर जेराल्ड मॅकार्थी यांनाच परत नेमलं आणि जुन्या टीमने खेळायला नकार दिला. बोर्डाने दुसरीच पोरं घेऊन लीग खेळवली. हजारो लोक कॉर्कच्या रस्त्यावर खेळाडूंच्या बाजूने चालले, पण घराघरात भांडणं झाली, कारण मॅकार्थी म्हणजे कुणी ऑफिसातला बाबू नव्हता, १९६६ चा कॅप्टन, पाच ऑल आयर्लंड मेडलवाला, कॉर्कचा स्वतःचा हिरो. मार्च २००९ ला त्याने पद सोडलं. पहिल्या संपाच्या बाबतीत मी शंभर टक्के खेळाडूंच्या बाजूची आहे. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र, तिथल्या दोन माणसांशी बोलले तर तीन मतं मिळाली, आणि त्यातला एक जण तर संप म्हटल्यावर उठून खिडकीपाशीच जाऊन उभा राहिला.

तुम्ही इनामाचं म्हणालात म्हणून आठवलं, कुस्तीत निदान फेटा तरी बांधतात.

प्रश्न (सोलापूर): इतका सज्जन दाखवताय, कधी मारामारी केली नाही का?

उत्तर: केली की. २००७ ला थर्लसमध्ये क्लेअरविरुद्धच्या मॅचला दोन्ही टीम एकदमच मैदानात शिरल्या आणि बॉल पडायच्या आधीच धक्काबुक्की सुरू झाली. शॉन ओग, डोनल ओग आणि डायरमड ओ सलिव्हन, कॉर्कचे तिघे सस्पेंड झाले, पुढची वॉटरफर्डविरुद्धची मॅच त्यांच्याविना खेळली आणि कॉर्क हरलं.

प्रश्न (डब्लिन, मूळ डोंबिवली): आमच्या ऑफिसात अजून त्याच्या २००५ च्या भाषणाबद्दल बोलतात. आयर्लंडच्या माणसाने आयरिशमध्ये भाषण केलं यात एवढं विशेष काय? आपल्याकडे कुणी मराठीत बोललं तर बातमी होते का?

उत्तर: अहो, होते की कधीकधी! पण तुमचा प्रश्न बरोबर आहे, बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नाही.

आयर्लंडमध्ये आयरिश ही पहिली राजभाषा, बोर्डांवर वरती, शाळेत सगळ्यांना शिकवतात. आणि बोलतं कोण? २०२२ च्या जनगणनेत शाळाकॉलेज सोडून रोजच्या व्यवहारात आयरिश बोलणारे साधारण ७२ हजार निघाले, पन्नास लाखांच्या देशात. म्हणजे सगळ्यांना थोडीथोडी येते आणि जवळजवळ कुणी बोलत नाही. ऑल आयर्लंड जिंकलेला कॅप्टन कप घ्यायला वर जातो तेव्हा रिवाज असा की सुरुवातीची दोन-चार वाक्यं आयरिशमध्ये म्हणायची, पाठ केलेली, थोडी अडखळत, आणि मग सुटकेचा श्वास टाकून इंग्रजीवर यायचं. आपल्याकडे नाही का पाहुणे 'माझ्या मराठी बंधू-भगिनींनो' म्हणून टाळ्या घेतात आणि पुढे हिंदीत सुरू होतात, तसंच.

११ सप्टेंबर २००५. कॉर्कने गॉलवेला १-२१ विरुद्ध १-१६ असं हरवलंय (बेरीज करा, ठाणेकर). हा कॅप्टन. पायऱ्या चढून वर गेलाय, लाल जर्सी, खाली मैदानभर लाल माणसं. कप हातात घेतो आणि आयरिशमध्ये सुरू करतो. लोक वाट बघतायत, आता इंग्रजीवर येईल. येत नाही. पुढचं वाक्य आयरिशमध्ये, त्याच्या पुढचंही. सहकाऱ्यांचे आभार, क्लब, घरचे, सगळं. शेवटपर्यंत. आणि पाठांतर वाटत नाही, गप्पा मारल्यासारखं. कारण तो कॉर्कला आयरिश माध्यमाच्या शाळेत शिकला, डब्लिनला विद्यापीठातला कोर्ससुद्धा आयरिशमधून केला. खालच्या गर्दीतल्या कितीतरी लोकांना त्यातलं निम्मंही कळलं नसणार, ज्यांचे आजे-पणजे तिथेच गाडलेत अशा लोकांना, आणि जो बोलत होता त्याने ही भाषा दहा वर्षांचा झाल्यावर शिकायला घेतली. गॉलवेच्या जो कॉनलीने १९८० ला आयरिशमध्ये भाषण केलं होतं ते लोक अजून काढतात, पण कॉनली आयरिश बोलणाऱ्या मुलखाशेजारचा माणूस. हा रोटुमाच्या बाईचा मुलगा.

मी ते व्हिडिओवर बघितलं. मला तर एक शब्द कळला नाही. पण शेजारी बसलेला भाचा, जो तिथे सहा वर्षं राहून 'धन्यवाद' पलीकडे आयरिश शिकला नाही, तो मध्येच म्हणाला, मावशी मी सोमवारपासून क्लास लावतो. लावला नाही अजून.

प्रश्न (रत्नागिरी): निवृत्त कधी झाला? निरोपाची मॅच वगैरे?

उत्तर: निरोप गोड नव्हता. २०१० चा सीझन संपल्यावर मॅनेजर डेनिस वॉल्शने त्याला टीममधून काढलं. वय तेहतीस. काढण्याला कारणं असतील, पाय पूर्वीसारखे राहिले नसतील, मॅनेजरला तरुण पोरं आणायची असतील, ते सगळं मान्य. पण पंधरा वर्षांनी असं जाणं लोकांना लागलं. २०११ घरी बसून गेलं. मग जिमी बॅरी मर्फी मॅनेजर म्हणून परत आला, तोच ज्याच्या हाताखाली १९९९ जिंकलं होतं, आणि त्याने शॉन ओगला बोलावून घेतलं. २०१२ ला पस्तीसाव्या वर्षी हा माणूस परत कॉर्कच्या लाल जर्सीत, सेमीफायनलपर्यंत. तिथे गॉलवेने हरवलं. त्यानंतर त्याने स्वतःहून थांबायचं ठरवलं. बाहेर काढून जाणं आणि दार स्वतः ओढून घेऊन जाणं यात फरक असतो, तो एक सीझन मला वाटतं त्यासाठीच होता.

प्रश्न (औरंगाबाद): त्याच्यानंतर कॉर्कचं काय? आता तरी जिंकतात का?

उत्तर: हे कॉर्कला जाऊन विचारू नका. २००५ चं ते त्यांचं तिसावं टायटल होतं, आणि ३१ वं हे लिहीपर्यंत आलेलं नाही. २०१३ ला फायनल ड्रॉ करून रीप्लेमध्ये क्लेअरकडून हरले. २०२१ ला लिमरिकने धुतलं. २०२४ ला परत क्लेअर, एक्स्ट्रा टाइमनंतर एका पॉइंटने, ३-२९ विरुद्ध १-३४. आणि २०२५ ला टिपरेरीविरुद्ध हाफटाइमला सहाने पुढे होते, तेव्हा भाच्याने मला मेसेजही टाकला की मावशी झालं, आज झालं. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्कने किती केले माहितीये? दोन पॉइंट. पस्तीस मिनिटांत दोन. पंधराने हरले. त्यानंतर भाच्याचा मेसेज आला नाही, मीही फोन केला नाही.

भाचा जिथे केस कापतो त्या सलूनमध्ये आरशाच्या वर कप उचललेल्या शॉन ओगचा फोटो लावलेला आहे, २००५ चा. समोरच्या खिडकीतनं ऊन येतं (येतं तेव्हा), त्यामुळे जर्सीचा लाल रंग उडून गुलाबी झालाय. मी विचारलं, बदलत का नाही. न्हावी म्हणाला, बदलू की, नवा मिळाला की.